साहेबाच्या वाड्यातल्या भानगडी

अहो, ऐकलंत का? ज्या बॉस्टनकरांनी १७७३ साली इंग्रजांच्या चहाच्या पेट्या बंदरात भिरकावल्या, त्यांच्याच गावच्या टीव्ही केंद्रानं गेली पन्नासाहून अधिक वर्षं इंग्रज उमरावांचा संसार अमेरिकेच्या दिवाणखान्यात आणून मांडलाय! राजा नको, सरदार नकोत म्हणून एवढी लढाई केली, आणि नंतर ‘डाउनटन अ‍ॅबी’ मालिकेतल्या लेडी मेरीचं लग्न कुणाशी जमणार या काळजीनं रविवारी रात्री यांच्या घशाखाली घास उतरेना. काय म्हणावं या लोकांना!

ही खोड लावली बीबीसीच्या ‘द फोरसाइट सागा’नं. २६ भागांची ही मालिका १९६९-७० मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीवर दाखवली गेली. गोष्ट काय, तर बायकोला नवरा डोळ्यांसमोर नको, तिचा जीव जडला घर बांधायला आलेल्या आर्किटेक्टवर, आणि पुढे तिनं लग्न केलं ते नवऱ्याच्याच चुलतभावाशी. पण सगळ्यांचे कपडे असे कडक इस्त्रीचे, की याला भानगड कोण म्हणणार? लोक चटावले. मग १० जानेवारी १९७१ ला बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएचनं ‘मास्टरपीस थिएटर’ नावाचं दुकानच थाटलं. खर्चाला मोबिल ही तेलकंपनी. सुरुवातीची तुतारी मुरे नावाच्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच संगीतकाराची. म्हणजे नाटक इंग्रजांचं, सूर फ्रेंचांचे, पैसा तेलाचा आणि नाव संस्कृतीचं!

खरी मेख होती खुर्चीत. चामड्याच्या ऐसपैस खुर्चीत अ‍ॅलिस्टर कुक बसायचे. जन्मानं इंग्रज, १९४१ पासून अमेरिकन नागरिक. भाग सुरू होण्याआधी ते शांतपणे त्या काळचा इतिहास सांगायचे, आणि १९९२ पर्यंत सांगत राहिले. सोवळं नेसलेल्या माणसानं वाढलं की पानात काय पडलंय हे कुणी विचारत नाही, तसंच हे. कुकसाहेबांनी दोन वाक्यं इतिहासाची सांगितली, की पुढचा तासभर कोण कुणाच्या खोलीत शिरलं हे बघणं म्हणजे अभ्यास!

विश्वास नाही ना बसत? मग ‘डाउनटन अ‍ॅबी’ बघा. अमेरिकेत हे प्रकरण जानेवारी २०११ मध्ये सुरू झालं. पहिल्याच भागात वाड्याचा वारस टायटॅनिकबरोबर बुडतो. तिसऱ्या भागात पामुक नावाचा देखणा तुर्की वकिलातीतला पाहुणा रात्री थोरल्या मुलीच्या, लेडी मेरीच्या, खोलीत शिरतो आणि तिच्याच पलंगावर प्राण सोडतो. आता पुढे ऐका. मेरी, तिची दासी अ‍ॅना आणि प्रत्यक्ष आईसाहेब, तिघी मिळून ते प्रेत उचलून मध्यरात्री त्याच्या खोलीत नेऊन ठेवतात! सकाळी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं सगळं पुन्हा सुरू. आणि धाकटी बहीण एडिथ? ती तुर्की राजदूताला पत्र लिहून सगळं कळवते. सख्खी बहीण हो! मग थोरली गप्प बसते की काय? धाकटीला मागणी घालायला आलेल्या सर अँथनीला ती असं काही सांगते, की बिचारा आल्या पावली परत. पुढे त्याच एडिथला लग्नाआधी मुलगी होते आणि ती वाड्याशेजारच्या शेतकऱ्याकडे वाढवायला दिली जाते.

न्यू जर्सीतल्या मराठी घरात हे बघणारी मंडळी कोण, सांगू? आईनं मराठी मालिका लावली की ‘बंद कर ते सासू-सुनांचं’ म्हणून ओरडणारी! डाउनटनमधली सासू मॅगी स्मिथ काठी टेकत येऊन सुनेला टोमणा मारते, तेव्हा मात्र ‘काय लेखन आहे!’ म्हणून माना डोलावतात. अहो, टोमणा तो टोमणाच. फक्त इथे तो चांदीच्या चमच्यांच्या किणकिणाटात मारलेला.

आणि हे वेड किती? जानेवारी २०१४ मध्ये चौथा हंगाम सुरू झाला, तेव्हा पहिला भाग एक कोटीहून जास्त अमेरिकनांनी पाहिला. त्याआधीच्या हंगामात तर कहरच. मेरीचा नवरा मॅथ्यू मोटार अपघातात गेला, तो इंग्लंडात २०१२ च्या नाताळच्या दिवशी, आणि अमेरिकेत गेला फेब्रुवारी २०१३ मध्ये! मधले सात-आठ आठवडे अर्धी दुनिया सुतकात, आणि इकडे जावईबापू ठणठणीत. पेपर उघडायची चोरी, लंडनच्या मैत्रिणीचा फोन घ्यायची चोरी.

सरदारांचं सोडा, निदान खुनांच्या मालिका तरी सभ्य असतील म्हणावं, तर तिथे वेगळीच तऱ्हा. १९८० मध्ये बॉस्टनच्या याच केंद्रानं ‘मिस्ट्री!’ सुरू केलं. एडवर्ड गोरीच्या रेखाटनांवरचं शीर्षकचित्र, त्यात उसासे टाकणारी बाई, आणि लवकरच यजमान म्हणून भयपटांचे बादशहा व्हिन्सेंट प्राइस. त्यांच्यानंतर डायना रिग. ऑक्सफर्डसारखं विद्येचं माहेरघर घ्या. तिथे घडणाऱ्या ‘मोर्स’, ‘लुइस’ आणि ‘एंडेव्हर’ या मालिकांचे मिळून १९८७ ते २०२३ या काळात १०२ भाग झाले, आणि जवळजवळ प्रत्येक भागात प्रेतं. तरीही पालक मुलांना तिथे पाठवायला जीव टाकतात! ‘मिडसमर मर्डर्स’मधली खेडी म्हणजे फुलांचे ताटवे, चर्चची घंटा आणि जत्रेतली केकची स्पर्धा. एका भागात तिथे चक्क चीजच्या अजस्र चाकाखाली चिरडून खून होतो.

‘ग्रँटचेस्टर’मध्ये तर गावचा पाद्रीच गुन्हे शोधत हिंडतो. प्रवचन केव्हा लिहितो कोण जाणे. आणि पाद्री बदलला तरी देखणेपणाची अट काही बदलत नाही. २०२४ पासून तर तिथे भारतीय वंशाचा तरुण पाद्री आलाय, ऋषी नायरनं साकारलेला. तेव्हा आता आपल्याकडच्या मावश्यांनाही बघायला हक्काचं निमित्त मिळालं.

निमित्ताशिवाय बघायला धीर लागतो तो ‘पोलडार्क’ला. २०१५ मध्ये त्यातला नायक एडन टर्नर उघड्या अंगानं विळा घेऊन गवत कापताना दिसला आणि वर्तमानपत्रांना दुसरा विषयच सुचेना. त्यातही काही जाणकार इतके कर्तव्यदक्ष, की त्यांनी तक्रार केली ती त्याच्या गवत कापायच्या पद्धतीबद्दल! धन्य ती नजर, जिला त्या प्रसंगात विळा दिसला.

आता पैशाचं ऐका, कारण खरी भानगड तिथेच आहे. डाउनटनची मालकीणबाई कोरा ही सिनसिनाटीच्या कापडवाल्या कोट्यधीशाची लेक. वाडा वाचवायला तिचा पैसा हवा होता, म्हणून लॉर्डसाहेबांनी तिच्याशी लग्न केलं. प्रेमबीम नंतर. हे लेखकाच्या मनचं नाही हो! १८९५ मध्ये व्हँडरबिल्ट घराण्यातल्या कॉन्सुएलोचं लग्न तिच्या आईनं तिच्या मनाविरुद्ध मार्लबरोच्या नवव्या ड्यूकशी लावून दिलं. रेल्वेच्या शेअरांचा घसघशीत हुंडा ड्यूकच्या ब्लेनहाइमच्या वाड्यात गेला, आणि संसार शेवटी मोडलाच. गंमत म्हणजे ‘मास्टरपीस’नं १९७१ मध्ये दाखवलेली सगळ्यात पहिली मालिका कुणाची होती? ‘द फर्स्ट चर्चिल्स’, म्हणजे याच मार्लबरो घराण्याच्या मूळपुरुषाची! व्याह्यांचीच गोष्ट पहिल्यांदा लावली म्हणायची.

आजही तेच चाललंय. डाउनटनच्या निर्मितीत ‘मास्टरपीस’चा वाटा होता, जिथे चित्रीकरण झालं त्या हायक्लीअरच्या किल्ल्यात तिकीट काढून पर्यटकांची रीघ. शिवाय २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं सार्वजनिक प्रसारणाचे मंजूर झालेले १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, म्हणून आता प्रेक्षकांच्या वर्गणीवर भिस्त आणखीच वाढली. साहेबाच्या वाड्याचं छप्पर शाकारायला अमेरिकेचा पैसा लागतोच. पूर्वी त्यासाठी पोटची पोर द्यावी लागायची, आता वर्गणी भरली तरी भागतं. वर केंद्राचं नाव छापलेली कापडी पिशवी मिळते. व्याह्यांनी कॉन्सुएलोच्या आईला तेवढंही दिलं नसेल!