बुडायचं तर वेळापत्रकानुसार

स्कूबा डायव्हिंग हा बेधडक माणसांचा खेळ आहे असा एक समज आहे. तो पसरवण्यात जाहिरातींमधल्या त्या तरुणाचा वाटा मोठा आहे, जो दात दाखवत बोटीच्या कठड्यावरून उलटा पाण्यात पडतो. पडण्यापूर्वीचे त्याचे सहा महिने जाहिरातीत येत नाहीत. ते आले असते तर कळलं असतं, की हा खेळ खरं तर गाडी सुटायच्या दीड तास आधी फलाटावर हजर असणाऱ्या, तिकिटाच्या तीन झेरॉक्स तीन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवणाऱ्या आणि घराला लावलेलं कुलूप जिना उतरून पुन्हा वर जाऊन ओढून बघणाऱ्या माणसाचा आहे. असा एक काका बहुतेक घरांत असतो. सहलीत त्याच्या याद्यांची यथेच्छ टिंगल होते आणि त्यानेच आणलेल्या गोळ्या सगळे गुपचूप घेतात. माझं म्हणणं एवढंच, की बेटाबेटांतून आठवडाभर फिरणाऱ्या डायव्हिंगच्या बोटीवर जायचं असेल तर सगळी आखणी या काकाच्या हाती द्यावी आणि बेधडक भाच्याला बॅगा उचलायला न्यावं.

मालदीवचंच उदाहरण घेऊ, कारण मुंबईहून विमानाने ते साधारण तीन तासांवर आहे. बाराशेच्या आसपास बेटं, त्यांतली जेमतेम दोनशे वस्तीची, आणि ती सगळी उत्तर-दक्षिण आठशेहून जास्त किलोमीटर पसरलेली. एका रिसॉर्टवर मुक्काम ठोकला तर आसपासच्या चार खडकांवरचे तेच मासे रोज भेटतात. त्यांनाही तुमचा कंटाळा येतो. म्हणून सफारी बोट. मोठ्या बोटीवर राहायचं, जेवायचं, झोपायचं. आणि सिलिंडर, कॉम्प्रेसर व ओले कपडे वाहणारी धोणी नावाची एक वेगळी छोटी बोट बरोबर चालते, तिच्यावरून पाण्यात उतरायचं. दिवसाला साधारण तीन डाइव्ह. यात काकाचा पहिला प्रश्न असतो ‘कधी?’. भाचा म्हणतो ‘सुट्टी मिळेल तेव्हा’. इथेच भाचा बाद होतो. डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ईशान्येचे वारे असतात, तेव्हा समुद्राचा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. अटॉल म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेला बेटांचा समूह. त्याच्या पूर्वेकडच्या खिंडींतून बाहेरचं निवळ पाणी आत शिरतं आणि त्या तोंडाशी शार्क उभे राहतात. तेच पाणी आतलं प्लवक, म्हणजे तरंगते सूक्ष्म जीव, घेऊन पश्चिमेकडून बाहेर पडतं, तिथे प्लवक खाणारे मांटा रे येतात. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की हा कारभार नेमका उलटा होतो. कोकणात जूनमध्ये पोचणारा हा वारा मालदीवला मे महिन्यातच आलेला असतो, म्हणजे आपल्या शाळांची सुट्टी आणि तिथल्या हवेचा पालट एकाच वेळी. त्या दिवसांत बोटी स्वस्त मिळतात आणि हलतातही भरपूर. या दोन गोष्टींचा संबंध काकाला न सांगता कळतो.

तारखेचा हा प्रश्न किती नाजूक आहे हे बा अटॉलमधल्या हनिफारू या छोट्या खाडीवरून समजावं. नैर्ऋत्य मोसमात, साधारण जून ते नोव्हेंबर, तिथे प्लवक साचतं आणि मांटा मोठ्या संख्येने जमतात. २०११ साली युनेस्कोने बा अटॉलला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. फोटो पाहून भाचा तिथली बोट ठरवतो, महागडी उपकरणं भाड्याने घेतो, सिलिंडर पाठीला बांधायला जातो आणि तेव्हा त्याला सांगण्यात येतं की हनिफारूत स्कूबाला बंदी आहे. नळी तोंडात धरून वरच्या वर पोहायचं, तेही ठरलेल्या वेळात आणि परवानाधारक गाईडबरोबर. बंदी योग्यच आहे. बुडबुड्यांच्या पडद्यातून जेवायला कोणालाच आवडणार नाही. पण नियम आधी वाचणारा काका पोहण्याचा मास्क घेऊन आनंदात असतो आणि भाचा बोटीवर बसून जगाच्या नियमबाजीवर बोलत असतो. व्हेल शार्कच पाहायचा असेल तर दक्षिण अरी अटॉलकडे जावं, तिथे तो वर्षभर दिसू शकतो. दिसतोच असं नाही. ‘दिसू शकतो’ आणि ‘दिसतो’ यांतला फरक कळणं ही आखणीची पहिली पात्रता.

दुसरी पात्रता कागदाची. मालवणला जाऊन आलेला प्रत्येक जण ‘आम्ही स्कूबा केलंय’ असं म्हणतो आणि ते खोटं नसतं. पण तिथल्या पर्यटकाच्या त्या अर्ध्या तासात सिलिंडर धरणारा, कानाचा दाब विचारणारा आणि माशांना तुमच्याकडे वळवणारा प्रशिक्षक असतो. आपण फक्त बुडायचं असतं. सफारी बोटीला तो अनुभव चालत नाही. तिथे प्रमाणपत्र लागतं. पहिल्या, ‘ओपन वॉटर’ पातळीचं प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंत नेतं, पुढचं ‘ॲडव्हान्स्ड’ ३० मीटरपर्यंत. आणि मालदीवमध्ये हौशी डायव्हिंगची कायदेशीर मर्यादाच ३० मीटर आहे. खिंडीतले प्रवाह जोरकस असल्यामुळे बऱ्याच बोटी दुसरं प्रमाणपत्र तर मागतातच, वर तीस-पन्नास डाइव्हची नोंदही पाहतात. म्हणजे लॉगबुक: तारीख, खोली, मिनिटं, सुरुवातीला हवा किती, शेवटी किती, सोबत्याची सही. दुधाचा हिशेब आयुष्यभर वहीत लिहिलेल्या माणसाला यासाठी वेगळं शिकवावं लागत नाही. भाच्याकडे व्हिडिओ असतो. शिवाय हवेचं गणित आहेच. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, तीस मीटरवर चौपट. त्यामुळे तीस मीटरवरचा प्रत्येक श्वास वरच्यापेक्षा चौपट हवा खातो. घाबरलेला, हातवारे करणारा, प्रत्येक मासा दुसऱ्याला दाखवणारा माणूस सिलिंडर लवकर संपवतो आणि त्याच्या बरोबर सोबत्यालाही वर यावं लागतं. आणि खूश होऊन त्याने अंगठा वर केला तर संपलंच, कारण पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ ‘वर चला’ असा आहे. ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो.

आता परतीचा दिवस. सामान्य सहलीत आखणी पहिल्या दिवसापासून होते. इथे ती शेवटून करावी लागते. पाण्याखाली दाबाखालची हवा घेताना रक्तात आणि पेशींत नायट्रोजन विरघळतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. विमानात दाब कमी होतो. तो नायट्रोजन अंगातच असेल तर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर यायला लागतो, आणि त्याचं दुखणं सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही असू शकतं. म्हणून लागोपाठ अनेक दिवस डाइव्ह केल्यावर किमान १८ तास उडू नये असा सर्वमान्य सल्ला आहे, आणि बहुतेक बोटी सरळ २४ तास धरतात. याचा व्यावहारिक अर्थ असा, की सात रात्रींच्या सफरीत शेवटचा दिवस कोरडा जातो. यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘पैसे पूर्ण घेतलेत ना? मग एक दिवस वाया का?’ आक्षेप घेणाऱ्याला कोणीतरी शांतपणे सांगावं, की बांदोस बेटावर दाबकक्षात घालून उपचार करण्याची सोय आहे. तिथला मुक्काम मात्र पॅकेजमध्ये धरलेला नसतो. साध्या प्रवासविम्यात स्कूबा पुष्कळदा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट घातलेली असते. तो बारीक टाईप वाचणारा माणूस घरात एकच, आणि तो कोण हे सांगायला नको.

पैशाचा विषय निघालाच आहे तर जाहिरातीतला आकडा केवळ संभाषणाला सुरुवात म्हणून दिलेला असतो हे लक्षात ठेवावं. २०२५ पासून बोटीवरच्या पर्यटकाला दर दिवशी माणशी १२ डॉलर हरितकर आहे. सात दिवसांचे ८४ डॉलर झाले, चौघांच्या कुटुंबाचे ३३६. पर्यटनावरचा वस्तू-सेवा कर १७ टक्के, त्यावर सेवाशुल्क, उपकरणांचं भाडं, काही बोटींवर नायट्रॉक्सचे, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचे, वेगळे पैसे आणि शेवटी खलाशांची बक्षिसी. यातलं काय आत धरलंय आणि काय वर लागणार हे लेखी विचारावं. विचारताना लाजू नये. समोरच्याला सवय असते. व्हिसा त्या मानाने सरळ: पोचल्यावर मिळतो, फुकट. मात्र विमान सुटण्याआधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरावी लागते. तेही फुकट, त्यामुळे त्याचे पैसे मागणारं पान उघडलं तर ते बंद करावं. ड्यूटी-फ्रीमधून उत्साहाने घेतलेली बाटली राजधानी मालेच्या कस्टममध्ये जमा होते आणि परत जाताना मिळते. बोटीवर परवाना असेल तर मिळणारं पेय वेगळं आणि त्याचं बिलही वेगळं. शाकाहाऱ्यांनी आपला आहार नोंदणीच्या वेळीच कळवावा, कारण तिथल्या न्याहारीचा राजा ‘मस हुनी’ म्हणजे ट्युना, खवलेला नारळ, कांदा आणि मिरची. नारळ पाहून कोकणी माणूस हुरळतो, बाकीचं नंतर कळतं. सामानाला वजनाची मर्यादा असते, म्हणून मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचा न्यावा, बाकी भाड्याने घ्यावं. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या बॅगेत आणि चाकू मोठ्या बॅगेत; उलट केलं तर दोन्हीकडे अडवतात. आणि कडक सुटकेस नको. बोटीच्या खोलीत ती ठेवली तर माणसाला बाहेर झोपावं लागेल.

एवढी आखणी केली तर मजा काय उरली, असा सवाल येणारच. समुद्र काही वेळापत्रक वाचत नाही, असंही म्हणतात. मी म्हणतो, मालदीवच्या सरकारला विचारा. हवामानबदलाकडे जगाचं लक्ष वेधण्यासाठी अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी १७ ऑक्टोबर २००९ रोजी गिरिफुशी बेटाजवळ पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली. त्या अर्ध्या तासाच्या बैठकीसाठी मंत्र्यांनी आधी डायव्हिंगचं प्रशिक्षण घेतलं, हातांच्या खुणा पाठ केल्या, पाण्यात चालणाऱ्या पेन्सिलने ठरावावर सह्या केल्या. कोणी कोणाच्या बोलण्यात व्यत्यय आणला नाही. आखणीमुळे मजा गेली असं त्या बैठकीबद्दल कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. आता उलट बाजू पाहा. मालेच्या विमानतळाशेजारी ‘मालदीव व्हिक्टरी’ नावाची मालवाहू बोट पाण्याखाली उभी आहे. सिंगापूरहून रिसॉर्टांसाठीचा माल घेऊन आली आणि शुक्रवारी, १३ फेब्रुवारी १९८१ रोजी, मुक्कामाच्या दारात खडकाला लागून बुडाली. तळ सुमारे पस्तीस मीटरवर, म्हणजे हौशी मर्यादेच्याही खाली. पर्यटकांसाठी निघालेली बोट अखेर पर्यटकांनाच पाहायला मिळते, पण वरून.

तरी एक आक्षेप मान्य करायला हवा. काकाच्या आखणीत एक घातक सवय असते: पैसे भरलेत तर प्रत्येक ठिकाण ‘कव्हर’ झालंच पाहिजे. ती सवय मालेच्या धक्क्यावरच सोडावी. कंपनीने छापलेला मार्ग म्हणजे इच्छांची यादी असते. रोज सकाळी गाईड आधी स्वतः पाण्यात उतरून प्रवाह पाहतो आणि मग फळ्यावरचं नाव पुसून दुसरं लिहितो. त्याच्याशी हुज्जत घालू नये. सर्दी झाली असेल तर कानाचा दाब जमत नाही, तेव्हा गोळी घेऊन रेटण्यापेक्षा त्या दिवशी डेकवर बसावं. कुठल्याही डायव्हरने, कुठलीही डाइव्ह, कारण न देता रद्द करावी आणि त्याला कोणी टोचून बोलू नये, असा या खेळाचा नियमच आहे. आमच्याकडच्या सहलींत असा नियम नाही, हे खरं. तेव्हा यादीत दिवसाच्या तीन डाइव्हपुढे ‘जमल्यास’ असा शब्द काकाने स्वतःच्या हाताने लिहावा; तो त्याला अवघड जाईल, पण अठरा डाइव्हचा हट्ट धरणाऱ्यापेक्षा पंधरा नीट करणारा जास्त पाहून येतो.

‘मग बोटीचे लोक कशाला आहेत, तेच सगळं बघतील’ हा शेवटचा आक्षेप. ते बोट बघतात, खडक बघतात, सिलिंडर भरतात. तुमची रजा, तुमचे कान आणि तुमचं परतीचं विमान त्यांच्या यादीत नसतं. तेव्हा परतीचं तिकीट काढताना आणखी एक गोष्ट पाहून घ्या: माले बघायला राखून ठेवलेला तो कोरडा दिवस शुक्रवार येऊ देऊ नका. ती तिथली साप्ताहिक सुट्टी आहे, आणि दुपारची नमाज होईपर्यंत बहुतेक दुकानं बंद असतात.