काय लावतेस गं केसांना?

माझे केस चांगले आहेत, आणि हे मला एकटीलाच वाटत नाही याची खात्री लोक अधूनमधून करून देतात. ओळखीच्या बायका ‘काय लावतेस गं केसांना?’ म्हणतात, अनोळखी बायका ‘काय लावता हो?’ म्हणतात आणि पुरुष हा प्रश्न बायकोला विचारायला लावतात. मग मी यादी सुरू करते: शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, गवला कचोरा, मेथ्या, माक्याचं तेल. यादी सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो. एखादं पिढीजात गुपित बाहेर पडतंय, असं ऐकणाऱ्याला वाटलं तर मी तो गैरसमज दूर करत नाही. हीच यादी काष्ठौषधींच्या कुठल्याही दुकानात पुडीवर छापलेली मिळते, हे मी सांगत नाही. आणि या यादीचा माझ्या केसांशी संबंध बेताचाच आहे, हे तर अजिबात सांगत नाही. आईवडिलांकडून आयत्या मिळालेल्या गोष्टीचं कौतुक ऐकून घ्यायला माणसाला थोडा संकोच वाटतो. तीच गोष्ट कष्टाने कमावली म्हटलं की संकोच जातो आणि कौतुक अंगी लागतं. माझं म्हणणं एवढंच, की केसांची निगा विचारणारी आणि सांगणारी अशा दोघी मिळून आनुवंशिकतेचं श्रेय शिकेकाईला देण्याचा कट करत असतात. या कटात मी मनापासून सामील आहे.

पुरावा साध्या अंकगणिताचा आहे. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस कंगव्यात आले तरी तो नेहमीचाच व्यवहार असतो. वाढीचा काळ कुणाचा दोन वर्षांचा, कुणाचा सहा वर्षांचा. ही मुदत बहुतांशी जन्मतःच ठरून येते. वाढीचा वेग महिन्याला एक सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे दोन वर्षांच्या मुदतवालीचे केस फूटभराच्या आत थांबणार आणि सहा वर्षांवालीचे कंबरेकडे निघणार. मधल्या काळात दोघींनी डोक्यावर काय काय थापलं, याचा रकाना या हिशेबात कुठेच नाही. शिवाय त्वचेबाहेर आलेला केस जिवंत नसतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. ‘केसांना मुळापासून टोकापर्यंत पोषण’ हे वाक्य तेलाच्या बाटलीवर छापायला ठीक आहे. मेलेल्याला जेवू घालायची आपल्याकडे रीत आहे खरी, पण त्यासाठी पितृपक्ष असतो.

म्हणून ही सगळी सामग्री कुचकामी ठरते असं नाही. प्रत्येक वस्तू काही ना काही करते. आपण तिला नेमून दिलेलं कामच तेवढं ती करत नाही. शिकेकाई धुते. तिच्या शेंगेत आणि रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन असतं, त्याचा फेस होतो आणि मळ निघतो. शेंगा उन्हात कडकडीत वाळवायच्या, बिया काढायच्या, ‘येथे शिकेकाई दळून मिळेल’ अशी पाटी असलेली गिरणी शोधायची, कारण पिठाच्या गिरणीवाला शिकेकाईचा डबा पाहूनच शिंकायला लागतो. मग रात्री भिजवायची, सकाळी उकळायची, गाळायची आणि तो तपकिरी काढा डोक्यावर ओतताना डोळे घट्ट मिटून घ्यायचे. इतकं करून जे पदरात पडतं ते स्वच्छ डोकं, आणि दिवसभर केसांतून निघत राहणारे शेंगेचे बारीक तूस. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली आवळकाठी सकाळी काळीशार दिसते आणि आपल्याला वाटतं, आता हे काळेपण केसांत उतरणार. आवळ्यातल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. शाई बनवण्याची एक जुनी रीत हीच आहे. थोडक्यात, आपण डोक्याला शाई लावतो आणि तिला टॉनिक म्हणतो. या सगळ्यांत खोबरेलाची बाजू भक्कम आहे. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे 2003 साली मुंबईतल्या संशोधकांनी सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांच्याशी तुलना करून दाखवलं. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते, हे सांगितलं पाहिजे. प्रयोग त्यामुळे खोटा ठरत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण त्यातून सिद्ध झालं ते एवढंच, की असलेला केस टिकतो. नसलेला केस उगवतो असं खोबरेलाने स्वतः कधी म्हटलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘पण अमकीला कांद्याच्या रसाने फरक पडला की!’ कांद्याच्या बाजूने पुरावा आहेही. 2002 साली बगदादच्या डॉक्टरांनी 23 जणांना कांद्याचा रस आणि 15 जणांना नळाचं पाणी लावायला देऊन पाहिलं, आणि कांदेवाल्यांपैकी बहुतेकांचे केस परत आले. मात्र ते सगळे चाई पडलेले, म्हणजे चट्ट्याचट्ट्यांनी केस गेलेले रुग्ण होते, टक्कल पडलेले नव्हते, आणि चाई बऱ्याचदा आपली आपणच भरून येते. एरवी ‘फरक पडला’ या साक्षीमागे कॅलेंडर असतं. टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन किंवा बाळंतपण झालं की एकदम पुष्कळ केस बसकण मारतात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळायला लागतात. तोवर ताप विसरलेला असतो, त्यामुळे दोष पाण्याला जातो, शांपूला जातो किंवा नव्या सुनेच्या माहेरच्या सवयींना जातो. आणखी काही महिन्यांत ही गळती बहुधा आपोआप थांबते. माणूस उपाय कधी सुरू करतो? गळती अगदी कळसाला पोचल्यावर. म्हणजे ज्या सुमाराला ती थांबणारच असते, नेमक्या त्या सुमाराला घरात कांदा किसला जातो. कांद्याच्या जागी त्या वेळी मुगाचं वरण थापलं असतं तरी वरणाचा जयजयकार झाला असता.

दुसरा आक्षेप भावनेचा, म्हणून जास्त अवघड: ‘मग आमच्या आजीचे केस गुडघ्यापर्यंत कसे होते?’ याचं उत्तर देताना मला एका वस्तूची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. ती वस्तू म्हणजे गंगावन. हल्ली एक्स्टेन्शन नावाने पार्लरमध्ये काही हजार रुपयांना जे बसवतात, ते आजीच्या खोलीत खुंटीला टांगलेलं असायचं. वेणी घालताना ते मानेपाशी पेडांत गुंफायचं, की शेपटाची वेणी होई; गुंडाळून आत सारलं की लिंबाएवढ्या अंबाड्याचा नारळ होई. वर गजरा माळला की पुरावा नष्ट. गंगावन दिसत नाही हेच त्याचं कर्तृत्व, त्यामुळे फोटोतही ते दिसत नाही आणि आजीच्या केसांची कीर्ती तेवढी उरते. त्याचा कच्चा मालही घरचाच असू शके. विंचरताना गळलेले केस टाकून द्यायचे नाहीत, बोटाभोवती गुंडाळून कोनाड्यात किंवा डब्यात जमवायचे, ही शिस्त घरोघरी होती. सासू, सुना, नणंदा यांचे केस एकाच गंगावनात नांदत. एकत्र कुटुंब इतकं गुण्यागोविंदाने आणखी कुठे राहिलं असेल असं वाटत नाही. उरलेले केस फेरीवाल्याला. त्याच्या बदल्यात सुया, पिना, भांडी, पोरांना फुगे. ‘केसावर फुगे’ ही आरोळी अलीकडे मोबाइलवर गाजली तेव्हा शहरातल्या लोकांना तो विनोद वाटला. खेड्यातल्या बायकांना ती बाजारपेठ होती. आजही हे गुंते कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जातात, तिथे बायका ते हाताने सोडवतात, लांबीप्रमाणे लावतात आणि माल परदेशी जातो. तिरुपती देवस्थान तर भाविकांनी वाहिलेल्या केसांचा रीतसर लिलाव करतं. तेव्हा जगात कुठेतरी एखादी बाई आपल्या मराठी केसांबद्दल ‘काय लावतेस?’ या प्रश्नाला मोठ्या झोकात उत्तर देत असणार, आणि तिचं उत्तर माझ्या उत्तराइतकंच खरं असणार. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या साड्यांची, दागिन्यांची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. एका पुरुषाच्या खोप्यावरून महाराष्ट्राने आपला खोपा ठरवला. त्या खोप्यात टोपाचा वाटा किती, हे विचारायला कुणी रंगपटात गेल्याचं ऐकिवात नाही. सौंदर्याच्या प्रांतात एवढी सभ्यता तेव्हा होती.

आजीच्या केसांबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती हसत सांगता येत नाही. लांब केसांची आजी लक्षात राहते. जिचे केस विरळ होते तिने डोक्यावरून पदर घेतला आणि ती आठवणीतून बाहेर पडली. आणि पुष्कळ घरांत एक आजी अशी होती, की नवरा गेल्यावर तिला केस ठेवायची मुभाच नव्हती. 1890 साली मुंबईच्या नाभिकांनी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा घेऊन विधवांचे केस कापायचे नाहीत असं ठरवलं, आणि त्यानंतरही ही रूढी वर्षानुवर्षं चालू राहिली. त्या बायकांना कुणी ‘काय लावतेस केसांना?’ विचारलं नाही. तेव्हा ‘पूर्वी सगळ्यांचेच केस लांबसडक असायचे’ हे वाक्य मला मान्य नाही. यातलं ‘सगळ्यांचेच’ फार बायकांना वगळून झालेलं आहे.

तिसरा आक्षेप शहाण्या माणसांचा असतो: ‘नैसर्गिकच आहे ना, नुकसान तरी काय?’ निसर्गाबद्दल हा विश्वास रिठ्याचं पाणी डोळ्यांत जाईपर्यंत टिकतो. नुसत्या मेंदीने केस तांबूस होतात. तासाभरात कुळकुळीत काळे करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं आणि ते काहींच्या कातडीवर फोड आणतं, पाकिटावर पान-फूल कितीही हिरवं छापलेलं असो. पण माझी खरी चीड वेगळी आहे. केस गळायला लागले की बाई पहिल्यांदा शेजारणीला विचारते, मग मैत्रिणीला, मग माझ्यासारखीला, आणि आम्ही तिला महिनाभराचं काम लावून देतो. रक्त तपासायचं राहून जातं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं सरकारी कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. लोह कमी असणं, थायरॉइड बिघडणं ही केस गळण्याची नेहमीची कारणं आहेत, आणि ती माक्याच्या तेलाला दाद देत नाहीत. सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवायचं आणि पातेल्यात उरेल ते खायचं, या सवयीचा परिणामही डोक्यावर दिसतो. 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव भागात कित्येकांचे केस अवघ्या काही दिवसांत गेले. मुली शाळा-कॉलेजात जाईनात. तेव्हा उत्तर कुठल्या बाटलीत सापडलं नाही. डॉ. हिंमतराव बावसकरांनी नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. डोक्यावर काय उगवतं ते पोटात काय जातं यावर अवलंबून असतं, आणि पोटात काय जातं ते बाईच्या हातात नेहमीच असतं असं नाही. लोखंडी कढईत आवळकाठी भिजवण्याइतकीच त्या कढईत मेथी-माठाची भाजी करून ती आधी बाईच्या ताटात वाढण्याची रीत रुजली असती, तर माझं यादी सांगणं कधीच बंद पडलं असतं.

शेवटचा आक्षेप माझ्यावरच येतो आणि तो रास्त आहे: ‘एवढं सगळं कळतंय, तर तू कशाला शिकेकाई उकळत बसतेस?’ एक कारण उघड आहे. उद्या कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी हवं. ‘काही नाही, आमच्या घराण्यातच आहे’ हे खरं असलं तरी ते बोलणाऱ्याबद्दल फार वाईट मत करून देतं. दुसरं कारण जरा हळवं आहे. केसांना तेल लावणं हे या घाईच्या घरांत एक काम असं उरलं आहे, की ते दुसऱ्याने केलं तरच नीट होतं. पुढ्यात बसलेल्या पोरीची मान खाली, वर आईचे किंवा आजीचे हात, आणि अर्धा तास दोघींपैकी एकीलाही उठता येत नाही. त्या अर्ध्या तासात परीक्षा, पाळी, भांडणं, लग्नाची स्थळं असे विषय निघतात. समोरासमोर बसून ते कधीच निघाले नसते. केसांना त्याचा फायदा होतो असं कुठलीही प्रयोगशाळा सांगणार नाही. मात्र ‘काय लावतेस?’ विचारणाऱ्या पुष्कळ जणींना ‘तुला कोण लावून देतं?’ हेच विचारायचं असतं, असा माझा दाट संशय आहे.

तेव्हा बायांनो, आणि बायकोच्या आडून विचारणाऱ्या पुरुषांनो, केस तीन-चार महिने गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, डॉक्टरांना दाखवा, आणि जेवताना पहिल्या पंगतीला बसा. खोबरेल लावायचं तर जरूर लावा, जमलं तर घरातल्या कुणाकडून तरी लावून घ्या. इतकं करूनही माझी यादी हवीच असेल तर मला विचारा. मी सगळी सांगेन, खालच्या आवाजात सांगेन. फक्त विचारण्याआधी ‘काय सुंदर केस आहेत!’ हे वाक्य गाळू नका. माझ्या केसांना पोषण म्हणून मिळतं ते तेवढंच.