राजपुत्राची सुधारित प्रशासकीय मान्यता

परभणीतून 1 मे 1999 रोजी वेगळी काढलेली आवृत्ती म्हणजे आमचा हिंगोली जिल्हा. मुळापेक्षा सुधारला की नाही, यावर चहाच्या हॉटेलात अजून एकमत नाही (परभणीवाले तर चर्चेलाच बसत नाहीत). तेव्हा जुना खेळ नव्याने काढला तर बरा होतो की बिघडतो, हे ठरवायला आमच्याइतके लायक पंच सापडणं कठीण.

प्रकरण राजपुत्राचं आहे. जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ 1989 चा. बापाने कॉम्प्युटर क्लासची फी भरली नोकरीसाठी, लेकरं शिकली खड्ड्यावरून उडी मारायला. 2003 मध्ये युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. यातला राजपुत्र भिंतीवरून धावतो आणि उडी हुकली की हातातल्या खंजिराने काळ मागे नेतो. खंजीर आणला कुठून? हिंदुस्थानातल्या एका महाराजाचा वाडा लुटून.

सप्टेंबर 2020 मध्ये कंपनीने जाहीर केलं, हा खेळ नव्याने घडणार, आणि तोही पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत. लुटीचा माल घरी आला म्हणून आम्ही पेढे वाटायच्या बेतात. तेवढ्यात झलक दिसली आणि ओरड उठली, की सतरा वर्षांपूर्वीचंच तोंड बरं होतं. खुलासा आला: हे रूप मुद्दाम तसं ठेवलंय. (बांधकाम खात्यात मुरलेल्या माणसाला या वाक्याची गोडी वेगळी सांगायला नको.) तारीख पडली 21 जानेवारी 2021. मग 18 मार्च. मग तारीखच नाही. मे 2022 मध्ये काम उचलून मॉन्ट्रियलला नेलं, म्हणजे महाराज दुसऱ्यांदा लुटले गेले. आणि जानेवारी 2026 मध्ये खेळच रद्द. मूळ खेळ आहे तिथेच आहे, आणि नव्यात आता कुणालाही एकही खोट काढता येत नाही.

मला विचाराल तर ओरडच चुकीच्या जागी होती. उड्यांच्या खेळात तोंड काय बघायचं, पाय बघावेत. 1996 चा ‘क्रॅश बँडिकूट’ 2017 मध्ये असा चकाचक होऊन आला की अंगावरचा केस न् केस दिसावा. पण पहिल्या भागालाही तिसऱ्याचीच चाल लावली, आणि तळपाय गोलसर झाले. जुने खेळाडू सवयीने कडेवर उतरायचे ते थेट दरीत. मधोमध गुळगुळीत डांबर आणि कडेला वीतभर खच, असल्या रस्त्याने हळदीची ट्रॉली वसमतला नेणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

म्हणून सूचना अशी, की पुढचा जुना खेळ नवा करायचं काम आमच्याकडच्या एखाद्या गुत्तेदाराला द्यावं. पाच वर्षं त्याने घोळ घातला नसता. पावसाळ्याआधी फीत, मार्चअखेर बिल. एकाने तर होकारही कळवलाय. अट एकच, खंजीर त्याच्या ताब्यात राहील. रस्ता वाहून गेला की काळ उद्घाटनापर्यंत मागे न्यायचा, साहेबांनी पुन्हा फीत कापायची, बिल पुन्हा काढायचं. जुन्या आणि नव्या कामात तसूभर फरक दिसणार नाही, असं तो स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहे.