काळ्या दाण्याचा मान

चारठाण्याला आलात तर देवळं जरूर पाहा. शेकडो वर्षं ऊन-पाऊस सोसून उभी आहेत. पावसाळ्यात त्यांच्या दगडांवर शेवाळ चढतं, उन्हाळ्यात वाळून झडतं. देवळांचं काही बिघडत नाही. त्यावरून आमच्या घराण्याने एक सिद्धान्त काढला आहे: शेवाळाने देऊळ पडत नाही, तर बुरशीने माणूस कसा पडेल?

या सिद्धान्तावर आमचा भुईमूग चालतो. शेंगा भरायच्या ऐन वेळी पाऊस दडी मारतो आणि काढणीला मात्र न चुकता हजर होतो. मग ओल्याच शेंगांचा ढीग घालून आम्ही वर ताडपत्री ओढतो. दोन दिवसांनी आत हात घातला तर वाफ लागते. एवढी ऊब थंडीत माणसालाही मिळत नाही. पुढे फोडायच्या वेळी शेंगांवर पुन्हा पाणी शिंपडतो. टरफल नरम पडतं आणि वजनही भरतं. बुरशीच्या पाहुणचारात आमच्याकडून कसूर होत नाही.

यानंतर आज्जी सूप घेऊन बसते. सुरकुतलेला, काळपट, किडका, हिरवट-पिवळी बुरी धरलेला, असा एकही दाणा तिच्या नजरेतून सुटत नाही. शास्त्रज्ञही हेच करायला सांगतात. बुरशीचं विष साऱ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. थोड्याच दाण्यांत ते ठासून भरलेलं असतं. तेवढे वेचून काढले की बराचसा धोका टळतो. थोडक्यात, कर्करोग टाळायचं निम्मं काम आज्जी शाळेची पायरी न चढता करते. सुपाच्या एका बाजूला टपोरे दाणे, दुसऱ्या बाजूला काळे.

खरा संस्कार इथून पुढे सुरू होतो. टपोरे दाणे मोंढ्यावर जातात. काळे? ते काय फेकायचे? लक्ष्मीला लाथ मारायची? ते भाजून त्यांची चटणी होते. लसूण आणि तिखट जरा सढळ हाताने घातलं की कुबट वास मरतो. एखादा दाणा कडू लागलाच तर थुंकायचा नाही, वर गुळाचा खडा खायचा. उरलेले घाण्यावर जातात. तेल आम्हाला, पेंड म्हशीला. म्हैस मुकं जनावर, पण कुणाचे उपकार ठेवत नाही. पेंडीतल्या विषाचा काही भाग रूप पालटून दुधातून परत करते. दूध उकळलं तरी तो जात नाही. ते दूध घरातल्या सर्वांत धाकट्याला मिळतं. अशा रीतीने, ज्याला अजून दात आलेले नाहीत त्याच्यापर्यंतही काळा दाणा पोचतो.

आता कायदा पाहा. थेट खायच्या शेंगदाण्यात हे विष किलोमागे 4 मायक्रोग्रॅमवर गेलं तर युरोप माल परत पाठवतो. भारतात धान्य-कडधान्याला 15 पर्यंत मुभा आहे. यावरून आपलं यकृत गोऱ्या माणसाच्या जवळजवळ चौपट दणकट असल्याचं सिद्ध होतं. आमच्या स्वयंपाकघरात तर मोजमापच नाही, म्हणजे आमच्या यकृताला सीमाच नाही.

हे सगळं सुरळीत चाललं असताना पुतणी दिवाळीला आली. ती परभणीला कृषी विद्यापीठात शिकते. चटणीचा वास घेऊन म्हणाली, “काका, ही ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशी. हिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. 1960 साली इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी मेले, ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीनं.”

मी म्हणालो, विलायती पक्षी नाजूकच असायचे.

“1974 मध्ये राजस्थानात बांसवाड्याला आणि गुजरातेत पंचमहालला बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं गेली. तीही विलायती होती?”

मी शांतपणे समजावलं, की त्यांनी एकदम जास्त खाल्लं. आपण रोज थोडं थोडं खातो. तर म्हणे, कर्करोगाला रोजचं थोडं थोडंच लागतं. विष यकृतात शिरतं, पेशीच्या डीएनएला चिकटतं आणि वर्षानुवर्षं वाट पाहतं. अंगात ‘कावीळ बी’चा विषाणू असेल तर ते सुमारे 30 पट जोरात काम करतं. म्हणून बाळाला त्या काविळीची पहिली लस जन्मल्यापासून 24 तासांच्या आत द्यायची. पेढे वाटून व्हायच्या आत सुई! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या विषाला पहिल्या गटात बसवलंय, असंही तिने सांगितलं. आमच्या शिवारातलं काहीतरी कुठेतरी पहिलं आलं याचा मला अभिमानच वाटला.

तिने उपायही सांगितले. शेंग कानाशी खडखड वाजेपर्यंत वाळवायची, दाण्यात ओल 8 टक्क्यांच्या आत आणायची. पोती भिंतीला न टेकवता फळ्यांवर रचायची. भाजल्याने, तळल्याने विष पुरतं जात नाही, म्हणून वेचलेले दाणे पुरून टाकायचे. मी हिशेब केला: चार दिवसांचं ऊन, चार फळ्या आणि सूपभर दाणे. एवढा खर्च शेतकऱ्याला पेलणारा नाही. दवाखान्याची गोष्ट वेगळी; त्यासाठी जमीन विकता येते.

पुतणी बोलण्यावर थांबली नाही. काळ्या दाण्यांचं सूप उचलून ती उकिरड्याकडे निघाली. तिथे कोंबड्या चरत होत्या. ते पाहून आज्जी ओसरीवरून ओरडली, “अगं, कोंबड्यांपुढं नको टाकूस! मागं असंच खाऊन चार मेल्या होत्या.”

तिने पोरीच्या हातून सूप ओढून घेतलं, दाणे एकदा पाखडले आणि चुलीवर तवा ठेवला.