आडनाव काय, गाव कुठलं?

नाशिकला सीबीएसच्या आसपास, जिल्हाधिकारी कचेरी आणि कोर्टाच्या सावलीत झेरॉक्सची दुकानं दाटीवाटीनं उभी आहेत. शहराची नाडी बघायला लोक रामकुंडावर जातात, मेनरोडला जातात, हल्ली वायनरीतही जातात. मी झेरॉक्सच्या दुकानापुढे उभा राहतो. सकाळी अकरा वाजता तिथं भल्याभल्यांची परीक्षा सुरू होते, आणि काउंटरमागचा पोरगा मान वर न करता प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "फाइल कुठंय?"

परवा निफाडकडचे एक काका समोर होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात पोरानं घेऊन दिलेला भलामोठा फोन. "रातच्याला तर होती," म्हणाले आणि अंगठा फिरवायला लागले. शुभ सकाळचे गुलाब गेले, नातवाचं जावळ गेलं, लासलगावच्या कांदाभावाचा फोटो गेला, कुणाच्या तरी दशक्रियेची पत्रिका गेली. सातबारा काही येईना.

"काका, डाउनलोडमध्ये बघा."

"डाउनलोडच केला होता ना बाबा."

"मग डाउनलोडमध्येच असंल."

"नाहीये तिथं."

"मग डाउनलोड झाला नसंल."

"झाला! मी सोता वाचला!"

मागच्या रांगेत चुळबुळ झाली. शेवटी काकांनी फोन काउंटरवर ठेवला आणि शरणागती पत्करली, "तूच काढ." पोरानं काढला. पाच-सहा वेळा बोट टेकवलं, दोनदा मागे आला, आणि उतारा प्रिंटरमधून बाहेर. मुक्त विद्यापीठ गोवर्धनला आहे, आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला आहे. पण ज्या विद्येवाचून जिल्ह्याचं पान हलत नाही, ती दहा बाय आठच्या गाळ्यात शिकावी लागते.

काकांची चूक नव्हती. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपनं आलेला कागद ज्या ठिकाणी राहतो तो पत्ता एकदा मोठ्यानं वाचून बघा. अँड्रॉइड, तिथून मीडिया, तिथून कॉम डॉट व्हॉट्सॲप, तिथून व्हॉट्सॲप, तिथून पुन्हा मीडिया, आणि मग व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स. भद्रकालीतल्या बोळाचा पत्तासुद्धा याहून सरळ सांगतात, आणि तिथं निदान पानवाल्याला विचारता येतं. २०२० साली अँड्रॉइडची अकरावी आवृत्ती आली, तेव्हापासून ॲपांच्या फायलींना असं कुंपण सक्तीचं होत गेलं. कारण सुरक्षितता. एका ॲपनं दुसऱ्याच्या फायली चाळू नयेत, हे योग्यच आहे. फक्त मालकालाही चाळता येऊ नयेत, इतकी सुरक्षितता कुणी मागितली होती? आयफोनवाल्यांनी इथं गालात हसू नये. आयफोन आला २००७ साली आणि त्यावर 'फाइल्स' नावाचं ॲप आलं २०१७ साली. दहा वर्षं त्यांच्याकडे हा प्रश्नच नव्हता, कारण फाइल नावाची वस्तू गिऱ्हाइकाच्या नजरेला पडूच द्यायची नाही, असा सोवळा कारभार होता.

बरं, पत्ता सापडला तरी घरात माणूस ओळखता यायला हवा. सातबाऱ्याचा कुणी फोटो काढून पाठवला, तर फोन त्याचं बारसं करतो: आयएमजी, मग आठ आकडी तारीख, मग डब्ल्यूए, मग चार आकडी क्रमांक. त्यातली तारीख उताऱ्याची नसते, तो आपल्या फोनवर येऊन पडला त्या दिवसाची असते. गुलाबाचं नाव तेच, जावळाचं नाव तेच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. पूर्वी गावात एका पिढीत चार दत्तू असत, पण त्यांना काळा दत्तू, मळ्यातला दत्तू म्हणायची सोय होती.

मग मी म्हणतो, शहाण्या माणसानं फाइलीला स्वतः नाव द्यावं. घरी कॉम्प्युटरवर बसावं, उतारा उघडावा आणि स्वच्छ मनानं त्याला त्याच्या खऱ्या नावानं ठेवावं: ७/१२. करून बघा. विंडोज म्हणतं, हे चालणार नाही. फाइलीच्या नावात नऊ चिन्हांना तिथं बंदी आहे आणि मधली तिरकी रेघ त्यांतली एक. अख्ख्या महाराष्ट्राची जमीन ज्या कागदावर उभी आहे, त्याला त्याच्या नावानं कॉम्प्युटरवर ठेवता येत नाही! आठ-अ ला हरकत नाही, फेरफाराला हरकत नाही, 'घरगुती भांडण' या नावालाही हरकत नाही. अडतं ते सातबाऱ्यापाशी. म्हणून थोरला भाऊ सातबारा लिहितो, धाकटा सात बारा असं तोडून, सून आडवी रेघ देऊन, आणि पुण्याला आयटीत असलेला नातू इंग्रजीत, त्यातही 'ए' एक की दोन हे त्याच्या मूडवर. चौघांच्याही फोनवर उतारा आहे. एकालाही दुसऱ्याच्या फोनवर सापडत नाही. वाटणीआधीच वाटणी झालेली असते.

कचेऱ्यांमधल्या कॉम्प्युटरचं दुखणं याहून जुनं आणि अस्सल मराठी आहे. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला हक्काची जागा मिळाली होती. पण आपण ताबा घ्यायला अंमळ उशीर केला. मधली कित्येक वर्षं श्रीलिपी, कृतिदेव, किरण अशा फॉन्टांवर गेली. त्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यांनीच छापखाने, पतपेढ्या आणि लग्नपत्रिका मराठीत चालवल्या. पण त्यांची युक्ती अशी की, पडद्यावर दिसतं 'पाणीपट्टी' आणि पोटात साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेली. एखाद्या सोसायटीचा २००३ सालचा ठराव शोधायला तुम्ही आज 'पाणीपट्टी' टाइप केलं, तर कॉम्प्युटर शपथेवर सांगतो की या सोसायटीत पाण्याचा विषय कधीच निघाला नाही. ज्यानं सोसायटीची एक जरी सभा पाहिली असेल, त्याला हे पटणार नाही. ठराव समोर असतो, सेक्रेटरी सही ओळखतात, आणि यंत्र म्हणतं, नाही.

युनिकोड आलं म्हणून सुटलो असं समजू नका. 'शेतकऱ्यांची यादी' हे शब्द घ्या. त्यातला तो अर्धा र, विळ्यासारखा, दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी टिंबवाल्या र चा पाय मोडून, कुणी साध्या र ला पाय मोडल्यावर न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. कागदावर दोन्ही याद्यांत तसूभर फरक नाही. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एकाचा शोध घेतला तर दुसरा बहुतेक वेळा सापडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी 'तुमचं नाव यादीत दिसत नाही' असं कुणी म्हणालं, तर ते नेहमी राजकारणच असेल असं नाही. कधीकधी तो नुसता र असतो.

यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे. तुम्ही कुठं ठेवलंय हे लक्षात ठेवूच नका, आम्ही शोधून देतो. २००४ साली जीमेल आलं ते हाच मंत्र म्हणत: लावत बसू नका, शोधा. त्याआधी विंडोज एक्सपीत शोधाशोध करायला रोव्हर नावाचा एक पिवळा कुत्रा होता. तो शेपूट हलवायचा. फाइल सापडायचीच असं नाही, पण आपल्यासाठी कुणीतरी वास घेत हिंडतंय एवढा दिलासा मिळायचा. पुढे तोही गेला, आता नुसतं गोल चक्र फिरतं. आणि शोधायला तयार असलेलं हे यंत्र आधी विचारतं काय? फाइलीचं नाव! अरे बाबा, ते तूच ठेवलंस ना?

माणसाला कागदाचं नाव आठवत नाही. त्याला बाकी सगळं आठवतं. निफाडच्या काकांना गट नंबर तोंडपाठ होता, क्षेत्र किती ते आरपर्यंत माहीत होतं, बांध कुणी कोरला आणि त्याचा बाप कसा होता तेही माहीत होतं. यांतलं फोननं काहीच विचारलं नाही.

हे विचारणारी माणसं नाशिकमध्ये आहेत, आणि सीबीएसपासून फार लांबही नाहीत. रामकुंडावर जा. तिथले तीर्थोपाध्ये तुम्हाला बघतात आणि विचारतात, "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" बस. आधी नाव नोंदवलंय का, कोणत्या साली आला होतात, पान नंबर किती, काही नाही. आडनाव आणि गाव कळलं की, ते आपलं असेल तर स्वतः आत जातात आणि नसेल तर 'त्या अमक्या गुरुजींकडे जा' म्हणून बोट दाखवतात, कारण कुठल्या मुलखाचे आणि आडनावाचे यजमान कुणाकडे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. मग नामावळीची वही निघते. पानं उलटतात, बोट ओळीवरून खाली सरकतं, आणि तुमच्या पणजोबांची सही समोर येते. सोबत त्यांचे भाऊ, मुलं, गाव, येण्याचं कारण आणि तिथी. तुम्ही तुमच्या हातानं खाली तुमची पोरंबाळं लिहायची, सही ठोकायची, वही बंद.

पणजोबा कोणत्या फोल्डरमध्ये ठेवले होते, असं गुरुजी विचारत नाहीत. तुम्हाला जे झोपेतही सांगता येईल, तेवढंच विचारतात. आणि यात नुसतं पुण्य नाही, रोखठोक व्यवहारही आहे. नोंद सापडली नाही तर यजमान दुसऱ्या ओट्यावर जाईल आणि दक्षिणाही त्याच्याबरोबर जाईल. म्हणून गुरुजींना शोधावंच लागतं. फोनच्या कंपनीची दक्षिणा दुकानातच चुकती झालेली असते. उलट फाइल न सापडण्यातच तिची बरकत आहे. काका उतारा सापडला नाही म्हणून पुन्हा डाउनलोड करतात. फोन त्याच नावापुढे कंसात एक लिहून ठेवून घेतो. पुढच्या खेपेला कंसात दोन. हरवलेल्या फाइलीलाही जागा लागते हो! आधी फोन भरतो, मग बॅकअपच्या नादात गुगलची फुकटची १५ जीबी भरते, मग निरोप येतो की जागा संपत आली, महिन्याला इतके द्या. घरातल्या घरात हरवलेल्या वस्तूचं भाडं भरणारी आपलीच पहिली पिढी असावी.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते, घाट, पूल, पार्किंग यांच्या घोषणा रोज वाचतोय. प्रशासनाला माझी एक नम्र सूचना आहे. प्रत्येक पर्वणीला माणसांसाठी हरवले-सापडले केंद्र असतं, त्याच्याच शेजारी फायलींसाठी एक मांडव टाका. कर्णा आहेच.

"कृपया लक्ष द्या. सिन्नर तालुक्यातून आलेली, पीडीएफ जातीची, एकपानी, अंगावर डिजिटल सही असलेली फाइल काल सायंकाळपासून बेपत्ता आहे. तिला स्वतःचं नाव सांगता येत नाही. तिचे मालक गांधी तलावाजवळ डोक्याला हात लावून बसले आहेत. तसंच 'न्यू फोल्डर' या एकाच नावाची सात भावंडं आमच्याकडे जमा आहेत, सर्वांचं पोट रिकामं आहे. आधारकार्डंही बरीच सापडली असून प्रत्येकजण आपलं नाव 'आधार' एवढंच सांगतो. ओळख पटवण्यासाठी येताना आधारकार्ड आणावं."

ही सूचना कुणी मनावर घेईल असं नाही. मला भीती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. सिंहस्थाच्या निमित्तानं कुणीतरी साहेब रामकुंडावर येतील, वह्या बघतील, भारावतील आणि म्हणतील, "एवढा मोठा ठेवा, याचं डिजिटलायझेशन झालंच पाहिजे." लगेच निविदा निघेल. पानं स्कॅन होतील, प्रत्येक पानाला यंत्र आपला क्रमांक चिकटवेल, काही पानं आडवी येतील, काही दोनदा येतील, ठेकेदार बिल घेऊन जाईल. वह्या कुलपात. मग २०३९ च्या आसपास पुढचा सिंहस्थ येईल, ग्वाल्हेरकडचं एखादं मराठी कुटुंब ओल्या कपड्यांनिशी ओट्यासमोर उभं राहील, आडनाव सांगेल, गाव सांगेल. गुरुजी चष्मा वर करून पडद्याकडे बघतील आणि म्हणतील,

"आडनाव राहू द्या हो यजमान. तुमचे पणजोबा स्कॅन कोणत्या तारखेला झाले होते, ते सांगा."