आक्कांचं गोंदण आणि टोकियोचा मुळा

अहो, ऐकलंत का? बी विंगच्या वहिनी जपानहून आल्यापासून खाली फिरकल्याच नव्हत्या, त्या काल मंडळाच्या मीटिंगला उतरल्या. इतके दिवस म्हणे जेट लॅग होता! अहो, साडेतीन तासांचा तर फरक, त्याला कसला आलाय लॅग? खरं कारण मला विचारा. जरा इकडे सरका, वर सगळं ऐकू जातं.

तुम्हाला ठाऊकच आहे, जायच्या आधी नुसतं 'कल्चर, कल्चर' चाललं होतं. "आम्ही साइटसीइंगला नाही हं, जपानी कल्चर समजून घ्यायला चाललोय." लिफ्टमध्ये भेटल्या तरी कमरेत वाकून 'कोन्निचिवा'! आणि सासूबाईंना, म्हणजे आपल्या आक्कांना, का नेलं? तर मागे ठेवायचं कुणाकडे म्हणून. माझ्या देखत म्हणाल्या, "यांना काय कळणारे तिथलं!" आक्का गप्प. पण आक्का गप्प बसल्या ना, की मला आपली धाकधूकच होते…

तर काय सांगत होते, हाकोने. तिथे गरम पाण्याचे झरे, त्यांना ओन्सेन म्हणतात. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. पण अंगावर सूतसुद्धा ठेवायचं नाही! आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ व्हायचं, मग कुंडात उतरायचं. हातातला पंचासुद्धा पाण्याला लावायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. वहिनींनी म्हणे स्विमिंग कॉश्च्यूम नेला होता खास. तिथल्या बाईनं हसून, वाकून, पण ठाम नाही म्हटलं. झालं, वहिनींचं लगेच डोकं दुखायला लागलं.

आणि आक्का? नातीला म्हणाल्या, "गावात बाळंतिणींना न्हाऊ घालण्यात माझा जन्म गेला, मला कसली लाज?" आणि निघाल्या की तरातरा. पण दारातच अडवलं. का, सांगा बघू? गोंदण! हातावर तुळस आहे ना त्यांच्या, आणि हनुवटीवर ठिपका. तिकडे अंगावर गोंदण म्हणजे याकुझा, गुंडांच्या टोळ्या हो! आपल्या आक्का गुंड! टूरवाली पोरगी बिचारी पांढरीफटक. तिनंच मग समजावलं, की पूर्वी तिथे गुन्हेगारांना शिक्षा म्हणून गोंदायचे, पुढे १८७२ साली सरकारनं गोंदवून घ्यायलाच बंदी केली, ती १९४८ला उठली, पण लोकांच्या मनातून काही जात नाही. २०१३ साली न्यूझीलंडच्या एका माओरी बाईंना चेहऱ्यावरच्या गोंदणापायी असंच परत पाठवलं होतं म्हणे. केवढा बोभाटा झाला होता त्याचा.

मग तोडगा निघाला. तुळशीवर एक चिकटपट्टी, हनुवटीवर एक. आक्का काय म्हणाल्या माहितीये? "आमच्याकडे गोंदण नसलं तर वर गेल्यावर देव विचारतो, यांच्याकडे असलं तर दारातच विचारतात. लावा पट्टी." आणि तासभर बसल्या पाण्यात, शेजारच्या जपानी आजीबरोबर. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. पण एकमेकींचे गुडघे दाखवून झाले.

सूपचं कळलं ना? नाही? अहो, वहिनी पक्क्या शाकाहारी. मिसो सूप मात्र वाटीवर वाटी. "किती लाइट, किती हेल्दी!" चौथ्या दिवशी कळलं, त्या पाण्यात सुक्या माशाचा कीस उकळलेला असतो. नात सांगते, आईचा चेहरा असा… जाऊ दे, मी कशाला बोलू. तुम्हीही कुणाला बोलू नका.

हं, तर मुख्य गोष्ट राहिलीच. टोकियोत आसाकुसाला ते मोठं सेन्सोजी देऊळ आहे ना, तिथून दहा-एक मिनिटांवर नदीच्या अंगाला मात्सुचियामा म्हणून टेकडी आहे. वर देऊळ, आणि आत कोण? आपला गणपती! कांगितेन म्हणतात त्याला, चीनवरून बौद्ध लोकांबरोबर गेलेला. पण दर्शन नाही हं. मूर्ती कायम बंद. का, तर हत्तीच्या तोंडाची दोघं मिठी मारून उभी असतात म्हणे. इश्श! आणि नैवेद्याला काय? मुळा! हा एवढा पांढरा मुळा. देवळातच विकत मिळतो. दुर्वा नाहीत, काही नाहीत. आक्कांनी मुळा वाहिला, प्रसादाचा मुळा पिशवीत टाकला, आणि टूरवालीला म्हणाल्या, "आईबापांपासून लांब नांदायला गेलेलं लेकरू, मिळेल ते खातंय."

मला तर भरूनच आलं ऐकून.

तर काल मीटिंग. सेक्रेटरी मोदकांचा हिशेब मांडताहेत, आणि आक्का उभ्या! "यंदा नैवेद्यात एक मुळा ठेवू या." सगळे गार. सेक्रेटरी म्हणाले, "आक्का, अहो चातुर्मासात मुळा?" आक्का म्हणाल्या, "तिकडे त्याला बारा महिने चालतो, इथे दहा दिवसांत काय बिघडणारे?" आता कुणाला खरंच वाटेना. मग सगळे वळले वहिनींकडे. कल्चरवाल्या ना त्या! "वहिनी, तुम्ही होतात ना तिथे? खरं आहे का हे?"

वहिनी आक्कांकडे बघतात, आक्का छताकडे.

"मी… मी तेव्हा खालीच थांबले होते," म्हणाल्या.

खाली कुठे, ते नातीनं तिथल्या तिथे सांगून टाकलं. सेन्सोजीसमोरच्या नाकामिसेच्या दुकानांत, पंख्यांचा भाव पाडायला!