वांकेलगोत्रीयांचा स्नेह : एक किंचित शास्त्रोक्त विवेचन

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन सांगून टाकण्याची आपल्याकडे चाल आहे. त्यांतले प्रयोजन प्रस्तुत निबंधाला नाही, त्यामुळे उरलेल्या तिघांकडे निर्वेधपणे वळता येते. विषय : जुन्या रोटरी इंजिनाच्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्यांचा एकमेकांवरचा जीव. अधिकारी : ज्याची गाडी निदान एकदा भर रस्त्यात, सासुरवाडीच्या माणसांसमक्ष बंद पडली आहे असा कोणीही. राहता राहिला संबंध. त्याविषयी आमचा सिद्धान्त असा, की हा स्नेह इंजिनाच्या गुणांवर जगत नाही, दोषांवर जगतो. आणि दोष जितका चिवट तितका स्नेह टिकाऊ.

यावर पूर्वपक्ष असा येईल, की जुनी मोटार कोणतीही असो, तिचे मालक एकमेकांना धरूनच असतात. रोटरीवाल्यांचे एवढे कौतुक कशाला? उत्तर सोपे आहे. इतरांच्या मेळाव्यात माणसे बॉनेट पुसतात, क्रोम चमकवतात आणि आडून आडून किमती विचारतात. रोटरीवाले एकमेकांना मोडके भाग दाखवतात. निकामी झालेल्या रोटरचे घड्याळ करून ते दिवाणखान्यात लावण्याची या मंडळींत रीतच आहे. ज्याने आपल्याला खड्ड्यात घातले त्यालाच रोज वेळ विचारायची, ही वृत्ती दुसऱ्या मोटारवाल्यांत सहसा आढळत नाही.

दोषाचे मूळ समजायला थोडे यंत्रशास्त्र सोसावे लागेल. साध्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो. रोटरीत पिस्टन नाही, व्हॉल्व्हही नाहीत. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत घुमत राहतो. पोकळीच्या या आकाराला गणिती एपिट्रोकॉइड म्हणतात. हा शब्द न अडखळता उच्चारणे ही गोत्रप्रवेशाची पहिली पायरी. त्रिकोणाची एक फेरी होईतो मधला दांडा तीनदा फिरतो आणि तिन्ही बाजूंवर एकेकदा भडका उडतो. थरथर जवळजवळ नाहीच. इंजिन इतक्या सुखाने चढत जाते, की थांबायचे कुठे ते चालकाला कळत नाही. म्हणून माझदा कंपनीने आपल्या आरएक्स-७ या रोटरी गाडीत वेळीच ओरडणारा एक बझर बसवला होता. त्रिकोणाच्या तीन टोकांना दोन-तीन मिलिमीटर जाडीची एकेक पट्टी असते. तिचे नाव ॲपेक्स सील. भिंतीला घासत राहायचे आणि एका कप्प्यातला दाब शेजारच्या कप्प्यात जाऊ द्यायचा नाही, एवढेच तिचे काम. ते तिला जमेनासे झाले की इंजिन खोलावे लागते. सगळ्या गोत्राचे सुखदुःख या पट्टीवर तोललेले आहे.

या गोत्राचा आदिपुरुष म्हणजे रोटरी इंजिनाचा जनक फेलिक्स वांकेल. जन्म १९०२, मृत्यू १९८८. तरुणपणी तो नाझी पक्षात होता, पुढे काही काळ एसएसमध्येही. मेळाव्यांत हा विषय सहसा निघत नाही, आमच्या मते निघायला हरकत नाही. त्याचे पहिले इंजिन जर्मनीतल्या नेकारझुल्म गावी, एनएसयू कारखान्यात, १९५७ साली चालू झाले. त्यात आतला रोटर फिरे आणि बाहेरचे घरही फिरे, आणि स्पार्क प्लग बदलायचा तर इंजिन खोलावे लागे. हान्स डीटर पाश्के नावाच्या अभियंत्याने बाहेरचे घर जागच्या जागी रोवून टाकले आणि मामला आटोपशीर केला. यावर वांकेल रुसला. माझ्या शर्यतीच्या घोड्याला तुम्ही नांगराला जुंपलेत, अशी त्याची तक्रार. म्हणजे आज जिच्यावरून माणसे जीव टाकतात ती प्रत्येक रोटरी गाडी मूळपुरुषाच्या मते नांगराचीच. गोत्राची सुरुवातच अशी कुरबुरीने झालेली आहे.

एनएसयूने १९६४ साली स्पायडर ही दोन माणसांची छोटी उघडी गाडी काढली. रोटरी इंजिन घालून बाजारात आलेली ही पहिली मोटार. रोटर एक, क्षमता ४९८ सीसी. १९६७ साली आरओ ८० आली. ती चार दारांची घरंदाज गाडी असल्याने ‘स्पोर्ट्स’ या संज्ञेत बसत नाही, तरी तिला वगळता येत नाही, कारण गोत्राचा मुख्य आचार तिच्यापासून सुरू होतो. १९६८ साली तिला युरोपातला ‘कार ऑफ द इयर’ किताब मिळाला आणि मागोमाग तिची सीले झिजू लागली. कंपनी फारशी कुरकुर न करता इंजिने बदलून देत राहिली. १९६९ साली ती फोक्सवागनच्या पोटात गेली.

या आपत्तीतून जो आचार निघाला तो असा सांगतात. आरओ ८० चे दोन मालक रस्त्यात समोरासमोर आले की हात वर करत, आणि आजवर जितकी इंजिने बदलली तितकी बोटे दाखवत. या अभिवादनाचा अभ्यास विद्वानांनी अद्याप केलेला नाही, म्हणून तो इथे करणे भाग आहे. पहिला प्रश्न, ज्याचे एकही इंजिन बदललेले नाही त्याने काय करावे? मूठ दाखवली तर समोरच्याला धमकी वाटते, आणि हात खालीच ठेवला तर माज. दुसरा, ज्याचे एकच बदलले त्याने नेमके कोणते बोट उचलावे? जर्मनीत एका विशिष्ट बोटाबद्दल दंड होऊ शकतो, त्यामुळे नवख्याने तर्जनीपलीकडे जाऊ नये. तिसरा प्रश्न पाचाच्या पुढे गेलेल्यांचा. त्यांना दोन्ही हात सोडावे लागतात, आणि मग बदलायच्या वस्तूंच्या यादीत इंजिनाखेरीज बरेच काही येते.

या गाडीला क्लचचे पेडल नव्हते, हेही इथे नोंदवले पाहिजे. गिअरच्या दांडीच्या मुठीतच एक स्विच होता. मुठीला हात लागला की क्लच सुटे. चालकाने सवयीने तिथे हात विसावला की गाडीचा जोर गेला. अर्थात त्या हाताला दुसरा काही उद्योग हवा होता. अभिवादनाची प्रथा या यांत्रिक गरजेतून आली असावी, असे आम्ही सुचवतो. पुरावा नाही, पण पुराव्यावाचून याहून मोठे सिद्धान्त मान्य झालेले आहेत.

दुसरी शाखा हिरोशिमाची. तिथल्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे पुढच्या माझदाने, १९६१ साली एनएसयूकडून परवाना घेतला आणि घरी नेऊन पाहिले तर पोकळीच्या भिंतीवर ओळीने ओरखडे. तिथल्या लोकांनी त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हटले. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंते त्यांच्यामागे लागले; धन्याचा सूड घेणाऱ्या ४७ रोनिन सामुरायांचे नाव त्यांना आपसूक चिकटले. अखेर ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या सीलने नखे कापली आणि १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. १९६८ साली न्यूरबुर्गरिंगला ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या. एक चौथी आली, दुसरी ८२ व्या तासाला बाहेर पडली. तेव्हा मोडला तो मागचा ॲक्सल, इंजिन नव्हे. हे वाक्य कोणत्याही मेळाव्यात कोणीतरी म्हणतोच, आणि सगळे माना डोलावतात.

(आपल्याकडे माझदा म्हटले की स्वराज माझदा डोळ्यांपुढे येते, पोरांनी गच्च भरलेली शाळेची बस. तिचे इंजिन डिझेलचे. तिचे ड्रायव्हरही एकमेकांना हात करतात, पण ते पुढे पोलीस उभा आहे हे सांगायला. हा वेगळ्या निबंधाचा विषय आहे.)

आरएक्स-७ ही १९७८ ते २००२ अशी बनत राहिली, आठ लाखांहून अधिक. त्यामुळे गोत्र जगभर पांगले. दरवर्षी ७ जुलैला, म्हणजे सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, योकोहामातल्या दाइकोकू पार्किंगमध्ये हे लोक जमतात; कॅलिफोर्नियात ‘सेव्हनस्टॉक’ भरतो. ठिकाण कोणतेही असो, विधी तेच.

सर्वांत गंभीर विधी कॉम्प्रेशनचा. एखाद्याला आपल्या इंजिनाची शंका आली की तो चारचौघांत ती बोलून दाखवतो आणि आजूबाजूचे संभाषण थांबते. एक प्लग काढला जातो. पेट्रोलचा फ्यूज उपसला जातो, म्हणजे इंजिन पेटणार नाही, नुसते घुमेल. एकजण आत बसून स्टार्टर मारतो, बाकीचे प्लगच्या भोकाशी कान लावून वाकतात. फुस्, फुस्, फुस्. तीन श्वास, त्रिकोणाच्या तीन बाजूंचे. तिन्ही सारखे निघाले तर पाठीवर थाप पडते आणि चहा मागवला जातो. फुस्, फुस् आणि मग नुसती हवा सरकल्यासारखे काही ऐकू आले, तर कोणी काही बोलत नाही. नाडी पाहून वैद्याने घरच्यांना बाहेर बोलवावे, तशी मंडळी मालकाला थोडे बाजूला नेतात. मग हळूच कोणीतरी सांगतो, की त्याच्याकडे एक जास्तीचा रोटर आहे.

गार इंजिनाचा नियमही असाच माणसे जोडणारा. रोटरी सुरू करून लगेच बंद केली तर आत पेट्रोल साचते आणि दुसऱ्या दिवशी ती दाद देत नाही. शेजारी म्हणाला, जरा गाडी पुढे घ्या, माझी निघत नाहीये, तर साधा माणूस चार फूट पुढे घेऊन किल्ली काढतो. रोटरीवाला गावाला फेरी मारून येतो. शेजाऱ्यांना तो हौशी वाटतो. खरे तर तो इंजिन तापायची वाट पाहत असतो. तेलाचेही तसेच. हे इंजिन थोडे तेल मुद्दामच जाळते, कारण सीलला ओलावा हवा. म्हणून डिकीत तेलाचा एखादा डबा असतो, आणि तेल संपलेला गोत्रबंधू दिसला की तो विचारायच्या आधी पुढे होतो.

गोत्र म्हटले की शास्त्रार्थही आलाच. माझदाचे तेराबी म्हणून जे प्रसिद्ध इंजिन आहे, त्याची क्षमता किती? दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, म्हणून १३०८, असे कंपनीचे मत. दुसरा पक्ष म्हणतो, चार स्ट्रोकच्या इंजिनाशी तुलना करायची तर दुप्पट धरा, २६१६. तिसरा प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजू मोजतो आणि ३९२४ वर जातो. जपानच्या करखात्याने दीडपट धरून १९६२ हा मध्यममार्ग काढला आहे. शर्यतवाल्यांचे गुणक आणखी निराळे. अद्वैत, द्वैत आणि विशिष्टाद्वैत यांच्या मठांत जितकी कटुता नव्हती तितकी या तीन आकड्यांत आहे. व्यवहारात मात्र तोच माणूस बढाई मारताना १३०८ म्हणतो आणि पेट्रोलचा खर्च घरी समजावताना ३९२४.

बाटलेल्यांविषयी थोडक्यात. पूर्वी इंग्लंडात कंटाळलेल्या मालकांनी आरओ ८० मध्ये फोर्डचे व्ही-४ इंजिन बसवले. हल्ली आरएक्स-७ मध्ये शेव्हरोलेचे व्ही-८ बसवतात. अशा गाडीभोवतीही मंडळी जमतात, बॉनेट उघडायला लावतात, आणि पिस्टन पाहून सहानुभूतीने मिटतात.

स्नेहाला एक अभिमानस्थानही आहे : १९९१ सालची ल मांची शर्यत. ५५ क्रमांकाची माझदा ७८७बी, चार रोटरची, वायडलर, हर्बर्ट आणि गाशो यांनी चालवलेली. ती जिंकली आणि जॉनी हर्बर्ट अंगातले पाणी आटून असा कोसळला, की विजयमंचावरही पोहोचला नाही. रोटरी जिंकली म्हणून पुढच्या वर्षीपासून तिच्यावर बंदी आली, असे गोत्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. प्रत्यक्षात साडेतीन लिटरच्या पिस्टन इंजिनांचा नियम आधीच ठरला होता. हे सत्य मेळाव्यात उच्चारू नये. अन्याय झाल्याची भावना हेही एक सीलच आहे, आणि ते अजून एकदाही झिजलेले नाही.

सध्याचा वाद माझदाच्या एमएक्स-३० या गाडीवरून आहे. २०२३ साली तिच्या एका प्रकारात ८३० सीसीचा एकच रोटर बसवला गेला. पण तो चाके फिरवत नाही. तो वीज बनवतो आणि गाडी विजेवर चालते. सनातनी म्हणतात, ज्याचे इंजिन चाकाला शिवत नाही त्याने हात करू नये. उदारमतवाद्यांकडे एकच मुद्दा आहे, पण तो अजून कोणाला खोडता आलेला नाही. वांकेलची नजर फार अधू होती आणि त्याने मोटार चालवण्याचा परवाना कधी काढलाच नाही. गाडी कशी चालवता यावर जर गोत्र ठरायचे, तर पहिली हकालपट्टी आदिपुरुषाचीच करावी लागेल.